लॉर्ड्स नव्हे, पुणे

25 जून जवळ आला की क्रीडापानांवर एक वाक्य हमखास उगवतं: 1983 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना म्हणजे क्रिकेटच्या इतिहासातला सर्वांत धक्कादायक निकाल. काही उत्साही मंडळी 'क्रिकेटच्या' हा शब्दही गाळतात आणि थेट साऱ्या खेळांच्या इतिहासावर हक्क सांगतात. लॉर्ड्सची बाल्कनी, कपिल देवच्या हातातला प्रुडेन्शियल कप, मागे पळत जाऊन त्याने घेतलेला रिचर्ड्सचा झेल, हे सगळं डोळ्यांपुढे असल्यामुळे ते वाक्य तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. मला वाटते. त्या दिवसाचं मोठेपण मला पूर्ण मान्य आहे. तो सर्वांत मोठा धक्का होता, हे मात्र अजिबात मान्य नाही.

आधी धावफलक काढू. 1983 च्या मार्चपासून जूनपर्यंत भारत आणि वेस्ट इंडीज एकमेकांशी सहा एकदिवसीय सामने खेळले. पहिला 9 मार्चला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये झाला, तो विंडीजने 52 धावांनी जिंकला. 29 मार्चला गयानातल्या अल्बियनला भारताने 47 षटकांत 5 बाद 282 धावा कुटल्या. त्यात गावस्करच्या 90 होत्या आणि कपिलच्या 38 चेंडूंत 72. समोर तेच गोलंदाज होते ज्यांच्या नावाने फलंदाजांची झोप उडायची. तो सामना आपण 27 धावांनी जिंकला, तोही त्यांच्या घरात. 7 एप्रिलला ग्रेनाडात विंडीजने सात गडी राखून परतफेड केली. मग विश्वचषक सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यात, ओल्ड ट्रॅफर्डवर, यशपाल शर्माच्या 89 धावांच्या बळावर आपण 262 केल्या आणि विंडीजला 228 मध्ये गुंडाळलं. विश्वचषकात विंडीज हरण्याची ती पहिलीच वेळ. 15 जूनला ओव्हलवर रिचर्ड्सने 119 धावा ठोकून 66 धावांनी हिशेब चुकता केला. म्हणजे 25 जूनला कपिल आणि लॉइड नाणेफेकीला उभे राहिले तेव्हा त्या साडेतीन महिन्यांतली बाकी 3-2 अशी होती, आणि संध्याकाळी ती 3-3 झाली.

ज्या संघाने समोरच्याला गेल्या पाच सामन्यांत दोनदा हरवलंय, त्याने तिसऱ्यांदा हरवलं तर त्याला 'अनपेक्षित' म्हणता येईल. 'अशक्य ते घडलं' म्हणता येणार नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं. विंडीज दोन वेळचे विजेते होते. भारताने 1975 आणि 1979 मिळून फक्त पूर्व आफ्रिकेला हरवलं होतं, आणि 1979 मध्ये तर कसोटी दर्जाही नसलेल्या श्रीलंकेकडून हार खाल्ली होती. हे सगळं खरं आहे. पण चार वर्षांपूर्वीच्या पराभवावरून आजच्या संघाची ताकद जोखायची आणि जेमतेम तीन महिन्यांपूर्वीचा विजय दडवायचा, हा हिशेब कुठल्या वहीतला? पुढचं उत्तर जरा अधिक वजनदार आहे. त्याच वर्षाअखेरीस लॉइडचा संघ भारतात आला आणि एकदिवसीय मालिका 5-0, कसोटी मालिका 3-0 अशी जिंकून गेला. म्हणून लॉर्ड्सचा विजय निव्वळ नशिबाचा. विंडीज एकूणात वरचढ संघ होता यावर माझा वादच नाही. वरचढ संघ हरला की प्रत्येक वेळी इतिहास थरारत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. तसं असतं तर रणजी करंडकात दर मोसमात भूकंप झाले असते.

मला खरा राग आहे तो 'चमत्कार' या शब्दाचा. स्तुती म्हणून तो वापरला जातो आणि त्या चौदा जणांच्या कर्तबगारीवर बोळा फिरवतो. त्या स्पर्धेत सर्वाधिक बळी कुणाचे? रॉजर बिन्नीचे, 18. मदनलालचे 17. म्हणजे होल्डिंग, मार्शल, गार्नर, रॉबर्ट्स या चौकडीतल्या प्रत्येकापेक्षा जास्त. इंग्लंडमधला जून, ढगाळ हवा, हिरवट खेळपट्टी आणि हवेत चेंडू वळवणारे चार-पाच मध्यमगती गोलंदाज. या परिस्थितीसाठी असा संघ मुद्दाम निवडायला सांगितला असता तरी याहून नेमका निवडता आला नसता. वर फलंदाजीची शेपूट आखूड. कपिल, बिन्नी, मदनलाल, अमरनाथ, कीर्ती आझाद, सगळे दोन्ही बाजूंनी उपयोगी. अंतिम सामन्यात किरमाणी आणि बलविंदरसिंग संधूने शेवटच्या जोडीसाठी 22 धावा काढल्या, मार्शलचा उसळता चेंडू संधूच्या हेल्मेटवर आदळला तरी. मग त्याच संधूने आत येणारा चेंडू टाकला, ग्रीनिजने बॅट वर उचलून तो सोडला आणि यष्टी उडाली. सामनावीर अमरनाथने 26 धावा केल्या आणि 12 धावांत 3 बळी घेतले. हा अमरनाथ काही आकाशातून पडला नव्हता. त्याच वर्षी कॅरिबियनमधल्या पाच कसोटींत त्याने याच तोफखान्यासमोर 598 धावा केल्या होत्या. डोक्याला, तोंडाला चेंडू खाऊन केल्या होत्या. असा माणूस पुन्हा भेटतो तेव्हा होल्डिंगच्या मनातसुद्धा थोडी चलबिचल असणार, असं मी धरून चालतो.

हे लोकांना दिसलं नाही, हा लोकांचा दोष. डेव्हिड फ्रिथ या इंग्रज संपादकांनी भारतासारख्या संघाला या स्पर्धेत स्थान कशाला, अशा आशयाचं लिहिलं होतं आणि नंतर एका वाचकाने आव्हान दिल्यावर आपला छापील मजकूर खरोखर चावून खाल्ला. त्याचं छायाचित्रही छापलं. दिलदार माणूस. पण फ्रिथ चुकले यावरून फ्रिथ चुकले एवढंच सिद्ध होतं.

आता 66 ला 1. हा आकडा प्रत्येक लेखात असतो आणि प्रत्येक लेखात तो चुकीच्या जागी असतो. सट्टेवाल्यांनी लावलेला हा भाव आठ संघांच्या स्पर्धेआधीचा आणि पूर्ण स्पर्धा जिंकण्याचा होता. अंतिम सामन्याच्या सकाळचा तो नव्हता. तोवर आपण पाच सामने जिंकले होते, ऑस्ट्रेलियाला चेम्सफर्डवर 118 धावांनी लोळवलं होतं, उपांत्य फेरीत यजमान इंग्लंडला सहा गडी राखून हरवलं होतं. 66 ला 1 हा भाव एका सामन्याला चिकटवणं ही हातचलाखी आहे. लेस्टर सिटी या फुटबॉल संघाचा 5000 ला 1 हा भावही असाच संपूर्ण मोसमाचा, 38 सामन्यांचा. टोकियोत 11 फेब्रुवारी 1990 ला बस्टर डग्लसने माइक टायसनला दहाव्या फेरीत आडवं केलं तेव्हाचा 42 ला 1 मात्र एका रात्रीचा, एका लढतीचा. हे तिन्ही आकडे एका तक्त्यात वरखाली मांडून कोण मोठं ते ठरवणाऱ्यांनी आधी गणिताच्या मास्तरांना भेटावं.

एवढा साधा गोंधळ इतकी वर्षं का टिकला? कारण निकालाचा परिणाम आणि निकालाचं आश्चर्य या दोन गोष्टींची आपण सरमिसळ करतो. 1983 चा परिणाम प्रचंडच होता. मंडळाकडे बक्षिसाला पैसे नव्हते, म्हणून लता मंगेशकरांनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि त्यातून खेळाडूंना प्रत्येकी एक लाख रुपये मिळाले. चार वर्षांनी विश्वचषक इंग्लंडबाहेर पडून भारत-पाकिस्तानात आला. गल्लोगल्लीची पोरं मध्यमगती टाकायला लागली. पण हे सगळं सामना संपल्यानंतरचं. धक्का किती मोठा होता हे सामना सुरू होण्याआधीच्या क्षणावरून ठरतं. नंतर किती मिरवणुका निघाल्या, किती जण रडले, यावरून नाही.

रडण्याचा विषय निघालाच आहे तर माराकाना घ्या. 16 जुलै 1950, रिओ द जानेरो. बरोबरी झाली तरी ब्राझील विश्वविजेता ठरणार होता, आणि उरुग्वेने 2-1 असं जिंकून पावणेदोन लाखांच्या आसपासच्या गर्दीला मुकं केलं. फुटबॉलमधला सर्वांत मोठा धक्का म्हणून जगभर याच सामन्याचं नाव घेतलं जातं. पण उरुग्वे कोण? 1930 चा विश्वविजेता, 1924 आणि 1928 चा ऑलिंपिक विजेता. आणि त्याच वर्षी मे महिन्यात ब्राझीललाच, ब्राझीलमध्येच, 4-3 असं हरवून गेलेला. इथेही अडीच महिन्यांपूर्वीचा विजय सगळे सोयीस्कर विसरतात. माराकानात घडला तो देशव्यापी शोक. धक्का त्याच स्पर्धेत आधीच, 29 जूनला, बेलो होरिझोंतेत बसला होता. रॅम्सी, राइट, फिनी, मॉर्टेन्सन असा भरभक्कम इंग्लंड अमेरिकेकडून 1-0 ने हरला. अमेरिकेचे बहुतेक खेळाडू पोटासाठी दुसरी कामं करणारे. एकमेव गोल करणारा जो गेटजेन्स हा न्यू यॉर्कमध्ये शिकायला आलेला, हॉटेलात भांडी घासून खर्च भागवणारा हैतीचा तरुण. त्या सामन्याला गर्दी नव्हती, अमेरिकेत फुटबॉलचं कौतुक नव्हतं, म्हणून तो पुसट झाला.

आपल्या 1983 मध्येही हाच प्रकार आहे. ज्या 9 जूनला ओल्ड ट्रॅफर्डवर भारत-विंडीज सामना सुरू झाला, त्याच दिवशी ट्रेंट ब्रिजवर झिंबाब्वे आपला पहिलावहिला एकदिवसीय सामना खेळला आणि लिली, थॉमसन, बॉर्डर, मार्श असलेल्या ऑस्ट्रेलियाला 13 धावांनी हरवून मोकळा झाला. कर्णधार डंकन फ्लेचरने नाबाद 69 धावा केल्या आणि 42 धावांत 4 बळीही घेतले. आश्चर्याच्या तराजूत टाकला तर हा एकच सामना लॉर्ड्सला भारी पडतो. गंमत म्हणजे आपल्या त्या मोसमातला खरा अद्भुत तासही याच झिंबाब्वेविरुद्धचा, टनब्रिज वेल्सवर 5 बाद 17 वरून कपिलने नाबाद 175 केल्या तो. पण तो सामना आपण जिंकला. हरलो असतो तर मात्र या लेखाला वेगळा मथळा लागला असता.

मराठी वाचक इथे 1971 चा इंग्लंडमधला कसोटी विजय काढणार, याची मला खात्री आहे. वाडेकर, ओव्हल, 24 ऑगस्ट, गणेश चतुर्थीच्या दिवशी मैदानात आणलेली बेला नावाची हत्तीण, चंद्रशेखरचे 38 धावांत 6 बळी. त्याआधी इंग्लंड सलग 26 कसोटींत अपराजित होता, त्यामुळे दावा पोकळ नाही. तरीही माझं मत तेच. वाडेकरांचा संघ तोवर कॅरिबियनमध्ये मालिका जिंकून आलेला होता. बेदी, चंद्रा, वेंकट असा फिरकीचा ताफा, जवळच्या क्षेत्रात सोलकर, वर गावस्कर आणि सरदेसाई. निवड समितीचे प्रमुख मर्चंट यांनी अध्यक्षीय मत टाकून वाडेकरांना कर्णधार केलं तो खरा धाडसी प्रकार. ओव्हल हे त्या वर्षाचं रास्त फळ होतं. पाच दिवस, पुन्हा पाच दिवस, असं झुंजून मिळवलेल्या विजयाला धक्का म्हणणं मला तरी जड जातं.

मग माझं माप काय? साधं आहे. सामन्याच्या आदल्या रात्री खेळ जाणणाऱ्या माणसाला विचारायचं: दुबळा संघ उद्या जिंकला, तर कसा जिंकेल? लॉर्ड्सच्या आदल्या रात्री कुणीही सांगितलं असतं की चेंडू स्विंग झाला, मधल्या फळीला बिन्नी-मदनलालने बांधून ठेवलं, रिचर्ड्स लवकर गेला, तर जमेल. माराकानाच्या आधीही उरुग्वेच्या शिआफिनो आणि घिग्जियाकडे बोट दाखवता आलं असतं. ज्या सामन्यात या प्रश्नाला उत्तरच सुचत नाही, तिथे खरा धक्का बसतो.

असा सामना आपल्याच पुण्यात, स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर झाला. 29 फेब्रुवारी 1996, विश्वचषकाचा गटसाखळी सामना, केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज. केनियाचं एकदिवसीय क्रिकेटमधलं वय होतं 11 दिवस. 18 फेब्रुवारीला कटकला भारताविरुद्ध पहिला सामना खेळून सचिनच्या नाबाद 127 धावा त्यांनी पाहिल्या. विशाखापट्टणमला मार्क वॉच्या 130 पाहिल्या. पाटण्याला झिंबाब्वेकडूनही हरले. पुण्यात रिची रिचर्डसनने नाणेफेक जिंकून त्यांना फलंदाजीला घातलं आणि अँब्रोज, वॉल्श, बिशप असलेल्या संघाने सगळ्यांना 166 मध्ये बाद केलं. त्यातल्या 37 धावा अवांतर होत्या. एकाही केनियन फलंदाजाला तेवढ्या काढता आल्या नव्हत्या. टिकोलोच्या 29 सर्वाधिक. मध्यंतरात कुणाला विचारलं असतं, तर विंडीज किती षटकांत जिंकणार एवढीच चर्चा झाली असती.

आणि मग लारा बाद झाला. कसोटीत 375 आणि प्रथम श्रेणीत 501 धावा काढलेला लारा. रजब अलीच्या चेंडूची कड लागली आणि चेंडू गेला तारिक इक्बालकडे. हा यष्टिरक्षक म्हणजे चष्मा, कपाळाला पट्टी, सुटलेलं पोट, हाताशी आलेले चेंडू सांडणारा माणूस. हाही चेंडू त्याने धड पकडला नाहीच. तो ग्लोव्ह्जमधून निसटून अंगाशी आला आणि इक्बालने तो कसाबसा कवटाळला. त्या कवटाळलेल्या चेंडूबरोबर विंडीजचा डाव कोसळला. चंदरपॉल 19, हार्पर 17, बाकी एकालाही दोन आकडे गाठता आले नाहीत. मॉरिस ओडुंबेने आपल्या दहा षटकांत फक्त 15 धावा देऊन तीन बळी टिपले. दोघे धावबाद झाले. सगळे मिळून 93. धावगतीचं ओझं नव्हतं, पाऊस नव्हता, पंचांचा वादग्रस्त निर्णय नव्हता, खेळपट्टी फुटलेली नव्हती. नोकरी-धंदा सांभाळून खेळणाऱ्यांच्या संघाने 73 धावांनी सामना जिंकला आणि पुणेकरांनी मैदानाला फेरी मारणाऱ्या त्या संघाला उभं राहून टाळ्या दिल्या. ती तारीख चार वर्षांतून एकदा येते, त्यामुळे वर्धापनदिनाचे लेख लिहिणाऱ्यांचीही पंचाईत होते, हे मी समजू शकतो.

याला विरोध करणारे दोन मुद्दे काढतात. पहिला, की तो केवळ गटातला सामना होता, चषक पणाला नव्हता. हा मुद्दा वर निकालात निघालाच आहे: पणाला काय होतं याचा संबंध महत्त्वाशी आहे, आश्चर्याशी नाही. शिवाय विंडीज त्याआधी भारताकडून हरला होता आणि कोलंबोला न जाऊन श्रीलंकेला गुण बहाल करून बसला होता. पुण्यात त्यांना विजय हवाच होता.

दुसरा मुद्दा अधिक धूर्त. 1996 चा विंडीज हा लॉइडचा विंडीज नव्हे. ऑस्ट्रेलियाने त्यांना वर्षभरापूर्वीच घरात हरवलं होतं, संघात भांडणं होती, रिचर्डसनची खुर्ची डळमळत होती. म्हणजे धक्का लहान. या मुद्द्यावर मी बोलण्यापेक्षा धावफलकच बोलेल. सामन्याआधीची ताकद मोजायला लगेचचे सामने पाहणं योग्यच आहे. 1983 च्या बाबतीत मी अल्बियन आणि ओल्ड ट्रॅफर्ड काढले ते त्याचसाठी. पुण्यानंतर चार दिवसांनी जयपूरला याच संघाने ऑस्ट्रेलियाला चार गडी राखून हरवलं, रिचर्डसन नाबाद 93. 11 मार्चला कराचीत, गटातले पाचच्या पाच सामने जिंकून आलेल्या दक्षिण आफ्रिकेला त्यांनी घरी पाठवलं. लाराच्या 111 धावा. 14 मार्चला मोहालीत, उपांत्य फेरीत, ऑस्ट्रेलियाच्या 207 धावांचा पाठलाग करताना ते 2 बाद 165 वर होते आणि अखेर पाच धावांनी हरले. हा संघ जर मोडकळीला आलेला असेल, तर आपल्या गटातला कुठला संघ धडधाकट होता, ते दाव्यावाल्यांनी सांगावं.